गँगस्टा नको म्हणणाऱ्याला काय ऐकवाल?

यंदा दिवाळीत साताऱ्याला ताईकडे फराळाला बसलो होतो. दाजींनी एक साधा प्रश्न विचारला आणि घरात दोन तट पडले. दाजी बँकेतून निवृत्त झालेले; गेली तीसेक वर्षं भजनी मंडळात तबला वाजवतात. भाच्याच्या खोलीतून दिवसभर जो रॅप कानावर येतो त्याबद्दल ते म्हणाले, "ह्याची लय मला धरून ठेवते रे. पण त्या बंदुका, तो पैशांचा माज, बायकांना दिलेल्या शिव्या, ते नको वाटतं. तेवढं सोडून ह्यात काही आहे का?" भाचा लगेच म्हणाला, "बाबा, तेवढं सोडायचं असेल तर तुम्हाला हिपहॉप कळलंच नाही." भाची त्याच्यावर उखडली. खरं हिपहॉप वेगळंच असतं, गँगस्टा, म्हणजे बंदुका-टोळ्यांची गाणी गाणारा रॅप, हा कंपन्यांनी मांडलेला बाजार आहे, असं तिचं म्हणणं. पुढचा तासभर दोघं भांडत होती. चिवडा संपला, चकल्या संपल्या. दाजींना मात्र एकही गाणं मिळालं नाही.

हा वाद मी इतक्या ठिकाणी ऐकला आहे की त्याची संहिता मला पाठ आहे. एक बाजू विचारणाऱ्याची उलटतपासणी घेते, दुसरी संगीताची. पहिली म्हणते, तुला आवडत नाही कारण तुझ्यात खोट आहे. दुसरी म्हणते, तुला आवडत नाही ते बरोबरच, कारण त्या गाण्यांतच खोट आहे. मला दोन्ही पटत नाही. गँगस्टा रॅप न आवडणं ही सरळ आवडनिवड आहे. तिच्यासाठी कोणाची माफी मागायला नको आणि तिचा झेंडाही करायला नको. अशा माणसाला काय ऐकवायचं हे त्याचा कान कशाला भुलतो त्यावरून ठरवावं. गाण्याच्या चारित्र्याचा दाखला बघत बसलो की शिफारस हमखास फसते.

आधी भाच्याचं घेऊ. 11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात, 1520 सेजविक अव्हेन्यू या इमारतीत सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने नाचाचा कार्यक्रम ठेवला. शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते, एवढंच कारण. तबकड्या लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह होता; जग त्याला डीजे कूल हर्क म्हणून ओळखतं. त्याने एक गोष्ट हेरली होती. गाण्यात मध्येच गायक गप्प होतो आणि नुसती तालवाद्यं उरतात, त्या तुकड्याला पोरं सगळ्यात जास्त नाचतात. मग एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवून तो तेवढाच तुकडा लांबवत न्यायचा. हिपहॉपचं मूळ म्हणतात ते हे, ताल लांबवण्याची एक युक्ती. 1979 साली 'रॅपर्स डिलाइट' गाजलं, त्यात एक कडवं मित्राच्या घरच्या बेचव जेवणाच्या तक्रारीचं आहे. 1982 च्या 'द मेसेज'मध्ये मोडकळीला आलेल्या शहराचं दुखणं आहे. फिलाडेल्फियाच्या स्कूली डीचं ते प्रसिद्ध टोळीगाणं 1985 चं, लॉस एंजलिसच्या आइस-टीचं 1986 चं, आणि लॉस एंजलिसजवळच्या कॉम्प्टनमधल्या एन.डब्ल्यू.ए. या गटाचा 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन' हा अल्बम 1988 चा. म्हणजे गँगस्टा रॅप जन्मला तेव्हा हिपहॉप बारा वर्षांचं झालेलं होतं. थोरला कळायला धाकटा आवडलाच पाहिजे, हा कुठला न्याय?

पण भाच्याच्या बोलण्यातला कणखर भाग वेगळा आहे आणि तो झटकून चालणार नाही. गँगस्टा रॅप ही बातमी होती, आणि ती दुसरं कोणी देत नव्हतं. कॉम्प्टनजवळच्या साउथ गेटमधला जनरल मोटर्सचा कारखाना 1982 साली बंद झाला. त्या पट्ट्यातल्या अशा नोकऱ्या गेल्या त्या गेल्याच. मागोमाग क्रॅक, म्हणजे ओढायचं स्वस्त कोकेन, आलं. 1986 च्या कायद्याने पाच ग्रॅम क्रॅकला किमान पाच वर्षांची कैद ठेवली. तेवढीच कैद व्हायला पावडर कोकेन मात्र पाचशे ग्रॅम लागायचं. क्रॅकसाठी बहुतेक काळी पोरं पकडली जात होती, पावडर बड्यांच्या पार्ट्यांत असायची. 1988 मध्ये लॉस एंजलिसच्या पोलिसांनी टोळीविरोधी मोहिमेत एकाच शनिवार-रविवारी हजाराहून जास्त माणसं उचलली. एन.डब्ल्यू.ए.ने पोलिसांवर गाणं केलं तेव्हा 1989 मध्ये एफ.बी.आय.च्या अधिकाऱ्याचं नाराजीचं पत्र त्यांच्या कंपनीला आलं. पुढे मार्च 1991 मध्ये रॉडनी किंग या काळ्या माणसाला पोलीस झोडपताना कोणीतरी आपल्या घरातून टिपलं, आणि ती पोरं काय ओरडत होती ते साऱ्या अमेरिकेला दिसलं. हे सगळं मान्य करायलाच हवं. जो हे मान्य करत नाही त्याच्याशी संगीतावर बोलण्यात अर्थ नाही.

मान्य करणं आणि रोज संध्याकाळी चहाबरोबर ऐकणं यांत मात्र अंतर आहे. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' 1972 साली आला तेव्हा मराठी कवितेला कामाठीपुऱ्याची भाषा पहिल्यांदा तोंडावर ऐकावी लागली. प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाही त्यातल्या कित्येक शब्दांचे अर्थ विचारून घ्यावे लागले. ती मोठी कविता आहे. पण झोपताना उशाशी 'गोलपिठा' ठेवता येत नाही असं म्हणणारा वाचक दलित साहित्याचा वैरी ठरतो का? तो दया पवार वाचेल, बेबीताई कांबळे वाचेल, कदाचित वामनदादा कर्डकांची गाणी ऐकेल. वैरी तो, जो म्हणतो की 'गोलपिठा' ही कविताच नव्हे. दाजी तसं म्हणाले नव्हते. ते म्हणाले, मला नको. एवढ्यावरून मुलाने बापाला वास्तवापासून पळणारा ठरवलं.

आणि खरं सांगायचं तर त्या वास्तवातही रंगभूषा पुष्कळ आहे. डॉक्टर ड्रे एन.डब्ल्यू.ए.त येण्याआधी चकचकीत साटीनचे कपडे घालून नाचाचं संगीत वाजवणाऱ्या मंडळीत होता. त्याच गटातला आइस क्यूब 'कॉम्प्टन'च्या आधी वर्षभर फिनिक्सला जाऊन वास्तुरेखाटनाचा अभ्यासक्रम करून आला होता. रिक रॉस या रॅपरने एका खऱ्या अमली पदार्थ तस्कराचं नाव घेतलं, माफियाच्या थाटात गायला, आणि 2008 मध्ये उघड झालं की हा पूर्वी तुरुंगात पहारेकरी होता! यात लाज वाटण्यासारखं काही नाही. खलनायकाचं काम करणाऱ्या नटाने घरी जाऊन खून करावेत अशी आपली अपेक्षा नसते. पण मग हे नाटक आहे हे एकदा मान्य केलं की ते नाटक न आवडण्याचा हक्कही प्रेक्षकाला मिळतो. एका हाताने 'ही तर कला आहे' म्हणायचं आणि दुसऱ्या हाताने 'हे तर वास्तव आहे, तुला ऐकावंच लागेल' म्हणायचं, हे चालणार नाही.

नावडीमागे नेहमी वर्गाचा किंवा वर्णाचा तोरा असतो, हाही एक आवडता आरोप. तसा तोरा असतोही. पण या गाण्यांना विरोध करणाऱ्यांत पहिल्या फळीत कोण होतं? 1990 च्या दशकात गँगस्टा रॅपविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या सी. डेलोरेस टकर या काळ्या नागरी हक्क चळवळीतल्या, मार्टिन लूथर किंग यांच्याबरोबर चाललेल्या बाई होत्या. त्यांचे उपाय मला पटत नाहीत, पण त्यांना काळ्यांचं दुःख माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? 2004 मध्ये अटलांटातल्या स्पेलमन या काळ्या मुलींच्या कॉलेजातल्या विद्यार्थिनींनी नेली या रॅपरला त्याच्या एका व्हिडिओतल्या बायकांच्या चित्रणाबद्दल जाब विचारला. तो तिथे अस्थिमज्जादात्यांच्या नोंदणीसाठी येणार होता, चांगल्या कामासाठी. मुली म्हणाल्या, ये, पण आधी आमच्याशी बोल. तो आला नाही. क्वीन लटीफाने 1993 मध्ये, बायकांना शिव्या घालणाऱ्यांना हिपहॉपच्याच भाषेत, हिपहॉपच्याच ठेक्यावर सुनावलं आणि ते गाणं ग्रॅमी घेऊन गेलं. माझी भाची 'ज्या गाण्यात मला शिवी आहे ते मी का ऐकू' असं विचारते तेव्हा ती या बायकांच्या रांगेत उभी असते. तिला सोवळी म्हणून गप्प करता येत नाही.

आता भाचीकडे वळतो, कारण माझं तिच्याशी जास्त भांडण आहे.

तिचा मुद्दा असा की गँगस्टा बाजाराने फुगवला. यात जेवढं तथ्य आहे तेवढं तिलाही माहीत नाही. 1991 च्या मे महिन्यापर्यंत अमेरिकेत कुठला अल्बम किती खपला याची यादी दुकानदारांना विचारून बनायची. मग दुकानातल्या यंत्रावर प्रत्यक्ष नोंद झालेली विक्री मोजायला सुरुवात झाली, आणि जूनमध्येच एन.डब्ल्यू.ए.चा नवा अल्बम पहिल्या क्रमांकावर दिसला. उपनगरांतल्या मॉलमधून गोरी पोरं हे घेत होती आणि ते कोणी मोजतच नव्हतं. कंपन्यांना वास लागला. त्याच वर्षी डिसेंबरात न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात बिझ मार्की हरला. बिझ मार्की म्हणजे हिपहॉपमधला विदूषक, बेसूर गाऊन हसवणारा गडी. त्याने एका जुन्या गाण्याचा तुकडा परवानगीशिवाय वापरला होता. न्यायाधीशांनी निकालाची सुरुवात केली ती बायबलच्या 'चोरी करू नकोस' या आज्ञेने. या एका निकालाने काय झालं ते गँगस्टाच्या चर्चेत कोणी सांगत नाही, म्हणून मी इथे थोडा रेंगाळतो.

तोपर्यंत डी ला सोलसारखी मंडळी एकेका गाण्यात दहा ठिकाणचे तुकडे जोडून गोधडी शिवत होती. त्यांचा 1989 चा '3 फीट हाय अँड रायझिंग' ऐका. फ्रेंच शिकवण्याची ध्वनिफीत, जुनं पॉप, लहान मुलांची गाणी, सगळं त्यात आहे, आणि त्यातून जे होतं ते खट्याळ, उबदार, जरा बावळट. निकालानंतर प्रत्येक तुकड्याला वकील आणि प्रत्येक वकिलाला फी. गोधडी परवडेना. उलट डॉक्टर ड्रेने 1992 च्या 'द क्रॉनिक'साठी वादक बसवून जुन्या चाली नव्याने वाजवून घेतल्या, मोजकेच तुकडे घेतले. ती पद्धत कायद्याच्या कात्रीतून सुटली. डी ला सोलचे जुने अल्बम हक्कांच्या भानगडीत इतके अडकले की ते इंटरनेटवर रीतसर ऐकायला मिळायला मार्च 2023 उजाडला. त्यांच्यातला ट्रूगॉय त्याआधी तीन आठवडे वारला होता. शेवटी 1996 चा दूरसंचार कायदा. एका कंपनीने किती रेडिओ केंद्रं ठेवावीत यावरची देशपातळीवरची मर्यादा उठली आणि क्लिअर चॅनल ही कंपनी चाळीसच्या आसपास केंद्रांवरून बाराशेच्या वर गेली. एकच यादी शेकडो गावांत वाजू लागली. तेव्हा 'हिपहॉप म्हणजे बंदूक' हे समीकरण तुमच्या डोक्यात कसं बसलं, याचं निम्मं उत्तर मोजणीच्या यंत्रात, कोर्टात आणि रेडिओच्या मालकीत आहे.

पण यातून भाची जो निष्कर्ष काढते तो निघत नाही. बाजाराने फुगवलं म्हणजे ते खोटं होतं, असं नव्हे. डी ला सोलही कंपनीनेच विकले. आणि 'विचारी' म्हणून शिक्का मारलेलं सगळं निर्मळ असतं हा तर भाबडा समज. पब्लिक एनिमी म्हणजे या शिक्क्याचा मानकरी गट. 1989 मध्ये त्यांच्यातल्या प्रोफेसर ग्रिफने ज्यूंबद्दल जे तारे तोडले ते ऐकून मान खाली जाते. समलिंगी माणसांबद्दलची हिणकस भाषा त्या काळच्या कितीतरी सोज्वळ म्हणवणाऱ्या रॅपरांच्या तोंडी आहे. उलट टुपाक शकूर, ज्याच्या छातीवर-पोटावर गँगस्टाची सगळी लेबलं गोंदलेली, त्याने 1991 मध्ये वर्तमानपत्रातल्या बातमीवरून एका बारा वर्षांच्या आई झालेल्या मुलीवर गाणं लिहिलं. ते ऐकताना आजही घसा दाटतो. आईवरच्या त्याच्या गाण्याची तबकडी तर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवण्याच्या यादीत घेतली. मग आता कोणाला कुठल्या खणात टाकायचं?

हे खण पाडायची आपल्याला मोठी हौस, म्हणून मला भाचीची भीती वाटते. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात बाळासाहेब खेरांच्या सरकारने तमाशावर बंदी आणली. फडमालकांनी खेटे घातले तेव्हा ती उठली, पण तमाशा 'सुधारायला' समिती बसली. अण्णाभाऊ साठ्यांनी आपल्या तमाशाला 'लोकनाट्य' म्हटलं, आणि पुढे पांढरपेशा प्रेक्षक त्याच नावाखाली निर्धास्त तिकीट काढू लागला. गण तोच, गौळण तीच, सोंगाड्याही तोच. पाटी बदलली की बायकोमुलांना घेऊन जाता येऊ लागलं. फडावर जन्म काढलेल्या बायांना या पाटीचा किती उपयोग झाला? 'खरं हिपहॉप' हे शब्द ऐकले की मला ती पाटी दिसते. आणि पाटी लावणाऱ्यांचा हात बंदुकीपाशी थांबत नाही. 2023 च्या एप्रिलमध्ये आपल्याच राज्यात दोन तरुण रॅपरांवर सरकारवर टीका करणाऱ्या गाण्यांसाठी गुन्हे दाखल झाले. त्या गाण्यांत टोळी नव्हती, कोकेन नव्हतं. होती ती नेमकी 'विचारी' म्हणतात तशीच गाणी.

म्हणून माझी रेघ सोपी आहे. 'मला नको' म्हणा, खुशाल. 'ते रॅपच नव्हे' म्हणालात की तुम्ही समितीवर जाऊन बसलात. शिवाय जाता जाता एक गोष्ट. आपल्याकडे रॅपला नाकं मुरडणाऱ्या बहुतेकांनी गँगस्टा ऐकलेलंच नसतं. त्यांच्या डोळ्यांसमोर असतो तो लग्नाच्या वरातीतला हिंदी-पंजाबी रॅप, गाडी, दारू, गोरी पोरगी. तो कंटाळवाणा आहे हे खरं, पण कॉम्प्टनचा त्यात काय दोष?

मग दाजींना काय द्यायचं? दाजी तबलजी. त्यांना उपदेश नको, त्यांना वाजवणारा माणूस हवा. मी पहिल्यांदा दिला 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट'चा 'द लो एंड थिअरी', 1991 चा. नावातच खर्ज आहे. त्यातल्या एका गाण्यात रॉन कार्टर स्वतः डबल बास वाजवतो. 1960 च्या दशकात जॅझमधल्या माइल्स डेव्हिसच्या मैफलीत वाजवणारा हाच तो माणूस. शिव्या असतील तर वाजवणार नाही, असं त्याने आधी बजावलं होतं म्हणतात. म्हणजे दाजींची अट घालणारे ते पहिले नव्हेत! आणि अल्बम सुरू होतो तोच मुळी अशा कथेने, की पोरगा घरी रॅप ऐकतोय आणि बाप म्हणतो, अरे हे तर आमच्या जॅझमधल्या बीबॉपसारखं वाटतं. हे मी दाजींना मुद्दाम अर्थासकट सांगितलं. भाचा शेजारी बसला होता, त्यालाही.

मागोमाग 'द रूट्स'. फिलाडेल्फियाची ही मंडळी तबकड्यांच्या तुकड्यांऐवजी समोर बसून वाजवतात. क्वेस्टलव्ह या ढोलकऱ्याचा हात म्हणजे घड्याळ आहे. 1999 च्या त्यांच्या अल्बमला चिनुआ अचेबेच्या कादंबरीचं नाव आहे. यात अधूनमधून शिव्या येतात, हे मी आधीच सांगितलं. शिव्यांपासून संपूर्ण मोकळं हिपहॉप शोधायला निघाल तर फार थोडं हाती लागेल आणि त्यातलं बरंचसं गुळमट असेल. दाजी म्हणाले, "शिवी वेगळी आणि माज वेगळा." हा भेद त्यांना कुठल्या लेखाशिवाय कळला.

ज्याचा कान शब्दाला लाचावलेला आहे त्याला मी हे देत नाही. त्याला एम.एफ. डूम. आपल्याकडे राम जोशी लिहून गेले, 'हटातटाने पटा रंगवुनी जटा धरिशी का शिरी'. एका ओळीत 'टा' किती वेळा आदळतो ते मोजा. ओळीच्या शेवटी एक यमक ठेवून मोकळं व्हायचं नाही, आतून सगळी ओळ यमकांनी कोंबायची, हा जो नाद आहे तोच डूमचा. लोखंडी मुखवटा घालून, कोणीही आपला चेहरा बघू नये अशा बेताने हा माणूस गायला. मॅडलिब या संगीतकाराबरोबरचा 2004 चा 'मॅडव्हिलनी' हा त्याचा कळस. त्यात तो स्वतःला खलनायक म्हणवतो, पण तो चित्रकथेतला खलनायक, विनोदी आणि थोडा एकटा. 31 ऑक्टोबर 2020 ला तो गेला आणि जगाला दोन महिन्यांनी, वर्षाच्या शेवटच्या दिवशी कळलं. अर्थ सगळा लागत नाही. मला अजूनही लागत नाही. लावणीचे सगळे अर्थ लागून मग तुम्ही मान डोलावलीत का?

मात्र इथून 'रॅप म्हणजे आपला पोवाडाच की' या टाळीबाज वाक्यावर उडी मारू नये. कलगीवाले आणि तुरेवाले रात्रभर एकमेकांना कोडी घालत, हरवत, आणि न्यूयॉर्कमध्ये 1981 साली कूल मो डी आणि बिझी बी यांची जुगलबंदी गाजली, हे दोन्ही खरं. माणसं जमली की एकमेकांना शब्दांनी लोळवतात, एवढंच यातून सिद्ध होतं. ब्रॉंक्सच्या पोरांना आपल्या शाहिरांची गरज नव्हती. आपल्या कानाला मात्र सवय आहे, हा आपला फायदा.

गाणाऱ्या गळ्याचा शौक असेल त्याने लॉरिन हिलचा 1998 चा अल्बम घ्यावा. हिपहॉपला ग्रॅमीचा वर्षातला सर्वोत्तम अल्बम हा मान त्यानेच पहिल्यांदा मिळवून दिला. राग हवा पण टोळी नको असेल तर पब्लिक एनिमीचा 1988 चा अल्बम, ग्रिफचं ते बोलणं लक्षात ठेवून. लंडनच्या लिटल सिम्झचा 2021 चा अल्बम माझ्या भाचीला आवडतो आणि मला तिच्यापेक्षा जास्त आवडतो. मराठी हवं असेल तर मुंबईच्या 'स्वदेशी' गटाने आरेच्या जंगलासाठी प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन केलेलं वारली बंडाचं गाणं. आदिवासी पाड्याचा गळा आणि शहराचा ठेका त्यात एकमेकांना खेटून उभे आहेत, कोणी कोणाची सजावट झालेलं नाही.

केंड्रिक लमारच्या 'गुड किड, मॅड सिटी'पाशी मी नेहमी अडखळतो. 2012 चा हा अल्बम कॉम्प्टनचाच. टोळ्या आहेत, गोळी आहे, मरण आहे. पण सांगणारा आहे आईची गाडी घेऊन बाहेर पडलेला एक घाबरलेला पोरगा, आणि मधूनमधून फोनवर आईबापाचे आवाज येत राहतात, गाडी परत आण म्हणून. गँगस्टा नको म्हणणाऱ्याला हा द्यावा का? मी देतो, पण आधी सांगून. काहीजण मध्येच बंद करतात. त्यांना मी दुसऱ्यांदा आग्रह करत नाही.

दाजींना मी तो दिला नाही. भाचीच्या सांगण्यावरून 'ब्लॅक स्टार' दिला, 1998 चा, विचारी रॅपचा मानबिंदू. दोन दिवसांनी म्हणाले, "कीर्तन चांगलं आहे, पण बुवा खाली बसतच नाहीत." भाची रुसली. मग मी त्यांना जे डिलाचा 'डोनट्स' पाठवला. डेट्रॉइटचा हा माणूस, ट्राइबपासून रूट्सपर्यंत ज्यांची नावं वर आली त्यांतल्या अनेकांसाठी याने संगीत केलं. यंत्रावर ठोके वाजवायचा, पण यंत्राने ते ठोके जागच्या जागी बसवण्याची जी सोय असते ती वापरायचा नाही. त्यामुळे त्याचा ढोल केसभर मागे किंवा पुढे झुलत राहतो. ते यंत्र आज वॉशिंग्टनला आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात आहे. 'डोनट्स' त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी, 7 फेब्रुवारी 2006 ला आला आणि तीन दिवसांनी तो वारला. एकतीस छोटे तुकडे, बहुतेक दोन मिनिटांच्या आतले. रॅप करणारा कोणीच नाही, त्यामुळे बंदुकीचाही प्रश्न नाही. शेवटचा तुकडा थेट पहिल्या तुकड्यात जाऊन मिळतो, आणि पहिल्याचं नाव त्याने 'समारोप' अशा अर्थाचं ठेवलं आहे.

काल रात्री साडेदहाला दाजींचा फोन आला. मागे तेच वाजत होतं, आणि बोटांनी ते टेबलावर धरत होते, ते फोनमधूनही कळत होतं. "हा ठोका मुद्दाम मागे ओढलाय ना रे ह्याने?" म्हटलं, हो. थोडा वेळ नुसतं वाजत राहिलं. मग म्हणाले, "आणि हे संपतं कुठे? मघापासून समेची वाट बघतोय."